आक्कांच्या नावावरचे कर्ज

सांगलीकडच्या एका पेठेत हळद, गूळ आणि भुसार मालाचे जुने दुकान आहे, असे समजावे. दुकानामागे घर, घराच्या माडीवर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत वैधव्यानंतर लहान मुलीला घेऊन माहेरी आलेली बहीण. तिला सारे घर आक्का म्हणते. हे कुटुंब कल्पित आहे. त्यांच्या कपाटात सापडलेल्या कागदांसारखे कागद मात्र अनेक दुकानांच्या कपाटांत आहेत, आणि ते तेथून कोठे जातात याचा मार्गही फारसा वेगळा नसतो.

जुलै महिन्यात आक्का मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेल्या. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला होता, फी भरण्यास तीन आठवडे उरले होते, आणि अशा कर्जात पालकाला सहकर्जदार म्हणून उभे राहावे लागते. अधिकाऱ्याने त्यांचा पॅन क्रमांक संगणकात घातला, काही वेळ पडद्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, "ताई, तुमच्या नावावर आधीच तीन कर्जे आहेत. त्यांतली दोन सात महिन्यांपासून थकली आहेत." आक्कांनी पतसंस्थेच्या ठेवपावतीखेरीज पैशाच्या कोणत्याही कागदावर आयुष्यात सही केली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती.

पतअहवाल ही वस्तू ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी एकदा अवश्य पाहावी. त्यात कर्जाचा प्रकार, रक्कम, ते उघडल्याची तारीख, कोणता हप्ता किती दिवस उशिरा आला, याची महिनावार नोंद असते. शिवाय कर्ज घेताना दिलेले पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात, आणि कोणत्या संस्थेने कोणत्या दिवशी चौकशी केली तेही असते. आक्कांच्या अहवालात साडेतीन लाखांचे व्यक्तिगत कर्ज होते, आठ लाखांचे व्यवसाय कर्ज होते आणि नव्वद हजारांची उधारी असलेले एक क्रेडिट कार्ड होते. पत्ता दुकानाचा होता. दूरध्वनी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवर आक्कांची दृष्टी थांबली. तो क्रमांक त्यांना पाठ होता. तो भाच्याचा होता.

पाच वर्षांपूर्वी आक्कांचा जुना फोन बिघडला, तेव्हा भाचा म्हणाला होता, "आत्या, तू कशाला त्रास घेतेस? बँकेचे सगळे मेसेज माझ्याकडे येऊ देत, मी बघतो." त्या दिवसापासून आधारचे ओटीपी, बँकेचे ओटीपी, प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड, सारे त्याच्या हाती गेले. पतअहवाल एखाद्या संस्थेने पाहिला की संबंधित ग्राहकाला एसएमएसने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आक्कांच्या बाबतीत तसे संदेश आलेच असतील, तर ते चोराच्याच खिशात वाजले.

भाच्याने पैशाचे काय केले, हे थोडक्यात सांगता येते. शेअर बाजारातील फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये ते गेले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या प्रकारात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचे दिसले होते. दुकानाच्या गल्ल्यातून रक्कम उचलली असती, तर ती संध्याकाळी रोजमेळात उघडी पडली असती. आक्कांचे नाव रोजमेळात नव्हते.

ते नाव इतके सहज हाती कसे लागले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर भाच्याच्या जन्मापूर्वीपर्यंत जाते. व्यापारी घरांत स्त्रियांची आणि वृद्धांची नावे फार पूर्वीपासून पेढीच्या कामी येत आली आहेत. कराचा बोजा विभागावा म्हणून आईच्या नावे एक फर्म, पत्नीच्या नावे दुसरी. वहिनी भागीदार आहेत, हे वहिनींना भागीदारीपत्र नोंदवायच्या दिवशी कळते. "येथे सही कर" हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारातून उच्चारले जाते आणि कणकेचा हात पदराला पुसून सही होते. कागद वाचायला मागणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. दुकानातील लोखंडी कपाटात प्रत्येकाच्या नावाची एक फाइल असते, तीत पॅन आणि आधारच्या साक्षांकित प्रती असतात, आणि पुष्कळ घरांत सही केलेले दोन-चार कोरे धनादेशही असतात. यातील बहुतेक व्यवहार सचोटीचे असतात, हे खरे. परंतु ज्या मुलाने लहानपणापासून आत्याचे नाव घराच्या सामाईक भांड्यासारखे वापरलेले पाहिले, त्याला ते एके दिवशी स्वतःसाठी उचलताना चोरी केल्यासारखे वाटले नसेल, तर त्यात नवल काय?

शास्त्राला मात्र येथे संदेह नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार मोजले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया हा एक आहे. जे दुसऱ्याने सांगितले नाही वा केले नाही, ते त्याने सांगितले, त्याने केले, असे फसवणुकीसाठी लिहून ठेवणे, हा त्याचा अर्थ पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिला आहे. कर्जाच्या अर्जावर आत्याचे नाव घालण्याचे याहून नेमके वर्णन आजच्या कायद्यातही सापडणार नाही. त्याच यादीत पुढे न्यासापहारही आहे: विश्वासाने स्वाधीन केलेली ठेव गिळणे. आक्कांनी भाच्याकडे ठेवलेला फोन क्रमांक हा एक न्यासच होता.

त्या संध्याकाळी दुकानाचे दार ओढून घेतल्यावर माडीवर घरातली मंडळी जमली. भाच्याने फार आढेवेढे घेतले नाहीत, तो रडला. अण्णा, म्हणजे आक्कांचे थोरले बंधू, बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आक्का, पोरगं चुकलं. पैसे मी भरतो, एक-एक रुपया भरतो. पण ही गोष्ट या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." वहिनींनी एवढेच म्हटले, "त्याचं लग्न ठरायचंय."

वहिनींच्या त्या वाक्याची थट्टा करू नये. पेठेत पत ही एका माणसाची नसते. मुलावर गुन्हा दाखल झाला, ही बातमी बाजार समितीच्या आवारात पोहोचण्यास एक दिवस पुरतो, आणि मग उधारीवर माल देणारा अडत्या पुढच्या वेळी रोख मागतो. त्या घरात चार कुटुंबांची पोटे दुकानावर आहेत. आक्कांचेही त्यात आहे.

परंतु अण्णांच्या म्हणण्यात एक गोष्ट सुटत होती. पैसे भरल्याने कर्ज बंद होते. ते कर्ज कोणी घेतले, याची नोंद बदलत नाही. मुकाट्याने हप्ते भरणे म्हणजे कर्जदात्याच्या दृष्टीने आक्कांनी कर्ज मान्य करणे होय. सात महिन्यांची दिरंगाई त्यांच्याच नावावर वर्षानुवर्षे दिसत राहते. तडजोड करून कमी रकमेत प्रकरण मिटवले, तर अहवालात ते खाते पूर्ण फेडून बंद केलेले दिसत नाही, 'सेटल्ड' असे दिसते, आणि तो शब्द पुढच्या प्रत्येक बँकेत त्यांच्याआधी पोहोचलेला असतो. मुलीचे कर्ज याच अहवालावर अडले होते.

आक्का त्या बैठकीत रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी मला सगळे कागद दाखवा." कपाटातील त्यांच्या नावाची फाइल वर आणली गेली आणि मुलगी एकेक कागद मोठ्याने वाचू लागली.

व्यवसाय कर्ज मिळण्यासाठी व्यवसाय लागतो. भाच्याने आक्कांच्या पॅनवर एक जीएसटी नोंदणी काढली होती. त्या पंधरा अक्षरी क्रमांकात सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ हा अंक असतो आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच असतो. म्हणून कोणाच्या पॅनवर किती नोंदण्या आहेत, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन घालून कोणालाही पाहता येते. आक्का एका मसाला फर्मच्या मालकीण होत्या. एकल मालकीच्या फर्ममध्ये फर्म आणि मालक असे दोन वेगळे जीव कायदा मानत नाही. तेथे कर थकला, विवरणपत्रे राहिली, किंवा कोणी तिच्या नावाने खोटी बिले फाडली, तर नोटीस आक्कांनाच येते. कर्जाची रक्कम ठाऊक तरी होती. ही बाजू किती खोल आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

नोंदणीसाठी जागेचा पुरावा लागतो, आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचे संमतिपत्र लागते. तो कागद मुलीने वाचला आणि ती थांबली. "मामा, ही सही?"

"माझी," अण्णा म्हणाले.

"वाचून केली होती?" असे आक्कांनी विचारले, आणि त्यावर अण्णांनी उत्तर दिले नाही. जीएसटीच्या कामाचे दहा कागद मुलाने एकदम समोर ठेवले होते, त्यांत हा एक होता. आयुष्यभर त्यांनी इतरांकडून सह्या जशा घेतल्या, तशीच त्यांच्याकडून ती घेतली गेली होती.

पुढचा कागद आक्कांना जड गेला. व्यवसाय कर्जाच्या अर्जावरील सही बनावट नव्हती. ती त्यांचीच होती. प्राप्तिकराचे आहे म्हणून भाच्याने माडीवर आणलेल्या कागदांत तो मिसळलेला होता. व्यक्तिगत कर्जाचा करार आधारच्या ओटीपीने झाला होता, तेथे सहीचा प्रश्नच नव्हता. क्रेडिट कार्डाच्या अर्जावरची सही मात्र उघड उघड भाच्याच्या हातची होती. येथे घरातील एका जाणत्या नातलगाने सुचवले की तिन्ही सह्या माझ्या नाहीत असेच सरसकट लिहून द्यावे, काम सोपे होईल. आक्कांनी ते मानले नाही. एक सही आपली आहे, ती काय सांगून घेतली गेली ते आपण लिहू, असे त्या म्हणाल्या. कायद्याच्या दृष्टीनेही हेच हिताचे होते. फसवून घेतलेली सही हाही फसवणुकीचाच प्रकार आहे. आणि खरी सही नाकारली असती, तर हस्ताक्षरतज्ज्ञापुढे त्यांची उरलेली दोन खरी विधानेही संशयात आली असती.

कायदा या प्रकाराला काय म्हणतो, ते वहिनींना ऐकवण्यासाठी दुसऱ्या दिवशी एका वकिलाला बोलावले गेले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची अन्य खूण अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी ३१९ आणि बनावट दस्तऐवजासाठी ३३६ आहे. नातेवाइकाने केले म्हणून यांतून सूट नाही. आणि गुन्हा एकदा नोंदला गेला की तो मागे घेणे तक्रारदाराच्या हाती राहत नाही, हे अनेक कुटुंबांना फार उशिरा कळते. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो. फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाचा गुन्हा तसा मिटवता येत नाही. खाजगी स्वरूपाच्या वादात पक्षकारांनी खरोखर समेट केला असेल, तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात कारवाई रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण तो न्यायालयाचा विवेक आहे, घराचा हक्क नव्हे.

वकील गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग तर नकोच ना." आक्कांनी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत जे झाले ते कोरडे कारकुनी काम होते, आणि सारे प्रकरण त्यावरच टिकले. आक्कांनी स्वतःच्या नावाचे नवे सिमकार्ड घेतले, आधार केंद्रावर जाऊन तो क्रमांक आधारला जोडला, मग बँकेत आणि प्राप्तिकराच्या खात्यात तोच नोंदवला. हे आधी करावे लागते, कारण जुना क्रमांक जोडलेला असेपर्यंत पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच खिशातून जाते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची खूण कुलूपबंद केली. आधार कोठे कोठे वापरले गेले, याची मागील सहा महिन्यांची नोंद तेथेच मिळते. ती छापून घेतली. भारतात पतमाहिती कंपन्या चार आहेत, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम आहे. चौघींचेही मागवले, कारण एकीकडे नसलेले दुसरीकडे असू शकते.

तिन्ही कर्जदात्यांना आणि पतमाहिती कंपन्यांना लेखी तक्रार गेली. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दुकानाच्या सनदी लेखापालांनी केला. त्यांनाही आक्कांनी एक प्रश्न विचारला होता, की माझ्या नावाचे विवरणपत्र इतकी वर्षे भरता, तर मला एकदा तरी फोन का केला नाहीत? तो प्रश्न त्या घरापुरता नाही.

भाच्याने स्वतःच्या हाताने तिन्ही संस्थांना पत्र लिहिले: हे कर्ज मी घेतले, आत्याला माहीत नव्हते. पत्राची शेवटची प्रत लिहिण्यास त्याला दोन दिवस लागले. अण्णांनी ठेव मोडून मुलीची पहिल्या वर्षाची फी भरली आणि आक्कांच्या आग्रहावरून ती रक्कम खतावणीत आक्कांच्या खाती उसनी म्हणून लिहिली. क्रेडिट कार्डाच्या बँकेने पूर्ण रक्कम घेऊन नोंद दुरुस्त करण्याचे लेखी मान्य केले. उरलेल्या दोन संस्थांचे उत्तर एकाच आशयाचे होते. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडल्याशिवाय आम्ही कर्ज आक्कांच्या नावावरून काढू शकत नाही.

तोपर्यंत भाद्रपद आला होता. दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावाणीच्या दिवशी, मंदिरातून आल्यावर, भाचा माडीच्या दारात हात जोडून उभा राहिला. आक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःही क्षमा मागितली; इतकी वर्षे कागद न वाचता सही करत राहिले, असे त्या म्हणाल्या. वहिनींना वाटले, प्रकरण येथे संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का पोलीस ठाण्यात जाण्यासाठी खाली उतरल्या. वहिनी देवघरातून बाहेर आल्या नाहीत. अण्णांनी दुकानाच्या किल्ल्या मुनीमजींकडे दिल्या आणि चपला घातल्या. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. "संमतिपत्रावर सही माझी आहे. ते मलाच सांगावं लागेल." त्यांनी भाच्यालाही हाक मारली. तो आधीच पायरीवर उभा होता.

ठाण्यातील हवालदाराने अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, "घरातलंच माणूस आहे. मिटवून टाकत नाही का?" आक्का म्हणाल्या, "घरात मिटलंय. नावावरचं राहिलंय." हवालदाराने नाते विचारले, आणि रकान्यात 'भाचा' असे लिहिले.

भाच्यावर पुढे आरोपपत्र जाईल, की समेट मांडून उच्च न्यायालयात जावे लागेल, हे अजून ठरायचे आहे. स्थळ आले होते, ते परत गेले. वहिनी आक्कांशी कामापुरते बोलतात. आठ लाखांचे कर्ज अण्णा हप्त्याने फेडत आहेत, आणि दर महिन्याला पावती माडीवर येते, आक्का ती वाचून परत पाठवतात.

मुलगी पुण्याला जाण्यापूर्वीच्या संध्याकाळी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आक्कांच्या नावे किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते पाहात होती. आक्कांनी घेतलेला एक होता, भाच्याकडचा जुना होता, आणि तिसरा एक होता, जो घरात कोणीच ओळखला नाही. 'हा क्रमांक माझा नाही' या पर्यायावर आक्कांनी स्वतःच्या बोटाने खूण केली, नव्या फोनवर ओटीपी आला, आणि तो त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचत घातला.